इंग्लंडमधील राजसत्तेची पुनःस्थापना

राजाचा शिरच्छेद करून प्रजासत्ताक स्थापन करणाऱ्या इंग्लंडने अवघ्या अकरा वर्षांत त्याच राजाच्या मुलाला सन्मानाने परत बोलावले. १६६० मधील ही घटना इतिहासात ‘रेस्टोरेशन’ म्हणजेच राजसत्तेची पुनःस्थापना या नावाने ओळखली जाते.

कर, धर्म आणि राजाचे अधिकार या प्रश्नांवरून पहिला चार्ल्स व पार्लमेंट यांच्यात १६४२ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले. त्यात राजाचा पराभव झाला. ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनमधील व्हाइटहॉल येथे त्याला जाहीरपणे मृत्युदंड देण्यात आला. पाठोपाठ राजपद आणि उमरावांचे सभागृह ही दोन्ही रद्द झाली.

प्रजासत्ताकाचा अस्त

नव्या राज्यव्यवस्थेचा खरा आधार लष्कर हाच होता. सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल १६५३ मध्ये ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ झाला. १६५७ मध्ये पार्लमेंटने देऊ केलेला मुकुट त्याने नाकारला. आपला वारस नेमण्याचा अधिकार मात्र स्वीकारला. ३ सप्टेंबर १६५८ रोजी त्याचा मृत्यू झाल्यावर मुलगा रिचर्ड सत्तेवर आला. त्याला लष्करात मान नव्हता, पार्लमेंटवर पकडही नव्हती. मे १६५९ मध्ये त्याला पायउतार व्हावे लागले.

त्यानंतरच्या गोंधळात स्कॉटलंडमधील फौजेचा प्रमुख जॉर्ज मंक निर्णायक ठरला. फेब्रुवारी १६६० मध्ये तो सैन्यासह लंडनला पोहोचला आणि लष्कराने १६४८ मध्ये हुसकावून लावलेल्या सदस्यांना त्याने पार्लमेंटमध्ये पुन्हा प्रवेश मिळवून दिला. या पार्लमेंटने स्वतःचे विसर्जन करून नव्या निवडणुकांचा मार्ग मोकळा केला.

ब्रेडाचा जाहीरनामा

परागंदा असलेल्या दुसऱ्या चार्ल्सने ४ एप्रिल १६६० रोजी नेदरलँड्समधील ब्रेडा येथून जाहीरनामा काढला. विरोधकांना माफी, धर्माचरणाची मोकळीक, मालमत्तेच्या वादांचा निवाडा आणि सैनिकांचे थकलेले वेतन ही चार आश्वासने त्याने दिली. मात्र त्यांचा अंतिम तपशील ठरविण्याचे काम त्याने पार्लमेंटवर सोपविले. तलवार न उपसता गादी मिळविण्याची ही किंमत होती. २९ मे रोजी, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, त्याने लंडनमध्ये प्रवेश केला.

काय परतले, काय नाही?

कायद्याच्या दृष्टीने मधली अकरा वर्षे जणू घडलीच नाहीत. चार्ल्सची कारकीर्द वडिलांच्या मृत्यूपासून मोजली गेल्याने १६६० हे त्याच्या राज्याचे बारावे वर्ष ठरले. बहुतेक विरोधकांना माफी मिळाली. परंतु राजवधाशी संबंधित दहा जणांना ऑक्टोबर १६६० मध्ये मृत्युदंड देण्यात आला. क्रॉमवेलचे प्रेत उकरून ३० जानेवारी १६६१ रोजी फासावर लटकविण्यात आले.

राजघराण्याच्या व चर्चच्या जप्त जमिनी परत मिळाल्या. दंड भरण्यासाठी स्वतःच्या जमिनी विकलेल्या राजनिष्ठांच्या हाती मात्र फारसे काही लागले नाही. धार्मिक मोकळिकीचे आश्वासन तर नव्या पार्लमेंटनेच मोडीत काढले. १६६० ते १६६२ या काळात सुमारे २,००० धर्मोपदेशकांना पदे सोडावी लागली.

राजा परतला, तरी त्याची जुनी हत्यारे परतली नाहीत. १६४१ मध्ये रद्द झालेले ‘स्टार चेंबर’ हे न्यायालय पुन्हा सुरू झाले नाही. सरंजामी हक्कांतून राजाला मिळणारे उत्पन्न बंद झाले आणि त्याऐवजी पार्लमेंटने मंजूर केलेला अबकारी कर आला.

मुंबईशी संबंध

पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्याशी झालेल्या विवाहाच्या १६६१ मधील करारानुसार मुंबई बेट याच चार्ल्सला आंदण मिळाले. १६६८ मध्ये त्याने ते वार्षिक दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले.

फलित

चार्ल्सनंतर १६८५ मध्ये त्याचा भाऊ दुसरा जेम्स गादीवर आला. पार्लमेंटला डावलण्याचे त्याचे प्रयत्न अंगाशी आले आणि १६८८ मध्ये त्याला देश सोडून पळावे लागले. १६८९ च्या ‘बिल ऑफ राइट्स’ने राजाच्या अधिकारांवर कायद्याची मर्यादा घातली. १६६० मध्ये इंग्लंडने राजाला परत आणले. पण त्याला परत बोलाविणारी संस्था पार्लमेंट होती, याचा विसर पडलेल्या राजाला गादी राखता आली नाही.