महाड-पोलादपूरच्या घाटांतील उतार आणि ब्रेक

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले महाड हे समुद्रापासून दूर असूनही बंदर होते. बाणकोटच्या खाडीतून चढणारे भरतीचे पाणी इथवर पोहोचे. लहान होड्या, मचवे त्या पाण्यावर थेट गावापर्यंत येत, मोठी गलबते मात्र खाली म्हाप्रळ-दासगावकडेच थांबत. कोकणातले मीठ, मासळी आणि नारळ इथे उतरत आणि देशावरचे धान्य इथून खाली जाई. पाण्याची वाट इथे संपली की पुढे सह्याद्री उभा असे. या भागातील वाहतुकीचा इतिहास म्हणजे बराचसा चढ-उताराचा इतिहास आहे आणि त्यात चढापेक्षा उतारानेच माणसाला अधिक छळले आहे.

गाडीरस्ते होण्यापूर्वी माल पाठीवरून जाई. पारघाट, वरंधा आणि महाबळेश्वरच्या बाजूने उतरणारा रडतोंडीचा घाट या बैलांच्या आणि हमालांच्या वाटा होत्या. 1659 मध्ये अफझलखानाचे सैन्य जावळीत उतरले ते याच रडतोंडीने. लदलेला बैल पाय रोवून, तोल सांभाळत उतरतो. त्याला वेगळा ब्रेक लागत नाही. पुढे 1828-29 च्या सुमारास महाबळेश्वर हे गोऱ्या साहेबांचे हवा खाण्याचे ठिकाण झाले, तेव्हा मुंबईहून गलबताने बाणकोट, तेथून होडीने महाड आणि मग पालखीने पारघाट असा प्रवास होऊ लागला. होडी मात्र महाडच्या धक्क्यावरच राही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाडीरस्ते झाले आणि चाके घाटात आली. फिट्झगेराल्ड घाट, म्हणजे आजचा आंबेनळी घाट, हा त्यांतला महत्त्वाचा. बैलगाडीला चढावर फक्त ओढ लागते. उतारावर मात्र मागचा सारा भार जुवाकडे ढकलला जातो आणि तो बैलांच्या मानेने थोपवावा लागतो. त्यावर गाडीवानांकडे ठरलेले उपाय असत: चाकाच्या लोखंडी धावेवर लाकडी ठोकळा दाबून धरणे, साखळीने एक चाक जखडून ते घसरत नेणे किंवा गाडीमागे झाडाचा जड ओंडका बांधून फरपटवणे. जखडलेले चाक रस्ताही खरवडून काढी. थांबल्यावर चाकाखाली दगड लागेच, आणि तो घाटात आजही लागतो.

मोटारी आल्यावर हा ठोकळा ड्रमच्या आत गेला. तरी तत्त्व तेच राहिले: उतरताना सुटणारी ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलायची. आंबेनळी किंवा कशेडी घाट उतरताना मुरलेला चालक खालचा गिअर धरून इंजिनावर गाडी आवरतो. न्यूट्रलवर सोडणारा ब्रेक जाळतो.

विसाव्या शतकात रस्ता हाच मुख्य मार्ग झाला आणि बंदराची वर्दळ ओसरली. अलीकडे होडी महाडकडे परत येते ती पुरामुळे, आणि रस्त्यावरून. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. शोधासाठी एनडीआरएफ, नौदल आणि तटरक्षक दल आले. जुलै 2021 मध्ये महाड शहर बुडाले, तळिये गावावर दरड कोसळली. बचाव पथकांच्या रबरी होड्या हवा काढून, गुंडाळून ट्रकमधून नेता येतात. टणक फायबरच्या होडीला मात्र ट्रेलरच हवा, आणि लहान ट्रेलरला बहुधा ब्रेक नसतो.

सपाट रस्त्यावर ते खपून जाते, घाटात नाही. होडी आणि ट्रेलर मिळून 500 किलो धरले आणि महाबळेश्वरहून पोलादपूरपर्यंत साधारण 1300 मीटर उतरायचे म्हटले, तर एवढ्या भाराची जी ऊर्जा जिरवावी लागते तिच्यात सुमारे 20 लिटर पाणी उकळेल. थोडा वाटा वारा आणि टायर घेतात. उरलेला ओढणाऱ्या जीपच्या इंजिनावर आणि ब्रेकवर येतो, तोही तिच्या स्वतःच्या वजनाच्या भरीला. ओल्या वळणावर मागून ढकलणारा ट्रेलर जीपला आडवी फिरवू शकतो, हा त्याहून मोठा धोका.

लहान ट्रेलरसाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे सर्ज ब्रेक. पुढची गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो, जोडणीचा दांडा मागे सरकतो आणि त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. त्याला पुढच्या गाडीतून वेगळी तार वा नळी लागत नाही. पण दोन अडचणी आहेत. मागे घेताना तो उगाच लागू शकतो, म्हणून अडसर ठेवावा लागतो. शिवाय लांब उतारावर ट्रेलर सतत रेटत असल्याने ब्रेकही सतत लागलेला राहतो आणि तापतो. म्हणून वाटेत थांबणे भाग पडते.

होडीच्या ट्रेलरची चाके पाण्यात जातात, ही आणखी एक गोष्ट. घाट उतरून तापलेली चाके लगेच नदीत घातली, तर थंड होताना चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी शोषले जाते. खाडीच्या खाऱ्या पाण्याने ड्रम आतून गंजतो, म्हणून दर वेळी गोड्या पाण्याने धुणे आलेच. या कामाला ड्रमपेक्षा डिस्क बरी, कारण ती उघडी असते आणि लवकर निथळते. जोडणी तुटलीच तर ट्रेलर धरून ठेवणारी साखळी ब्रेकइतकीच आवश्यक आहे. ब्रेक नसलेला होडीचा ट्रेलर महाडच्या सपाटीपुरता ठीक आहे. आंबेनळी, वरंधा किंवा कशेडीत तो उतरवू नये.