पट्ट्याचं कूळ

जुनी सॅक हाती आली की आधी पट्टा पाहावा, कापड नंतर. सुती कॅनव्हास चिवट असतो. धुतला, वाळवला, उसवलेल्या शिवणी पुन्हा घातल्या की वर्षानुवर्षं चालतो. पितळी बक्कल चिंचेनं उजळतं. दगा देतो तो चामडी पट्टा, तोही बक्कलाच्या भोकापाशी, जिथे तो रोज वाकतो. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत बसून असा पट्टा दुरुस्त करणाऱ्याला त्याच्या कुळाचा शोध घ्यायला फार लांब जावं लागत नाही. निम्मी कथा वर्ध्याच्या पंचक्रोशीतलीच आहे.

पट्ट्याच्या टोकाला रापीनं बारीक काप द्यावा. आतपर्यंत तपकिरी दिसलं तर चामडं बहुधा झाडाच्या सालीत कमावलेलं. मधे निळसर राखी दिसलं तर क्रोमच्या क्षारांत कमावलेलं. क्रोमची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत पक्की झाली. सालीला आठवडेच्या आठवडे लागतात, ते काम क्रोम एक-दोन दिवसांत उरकतं.

आपल्याकडची जुनी रीत सालीची. महाराष्ट्रात हे काम परंपरेनं ढोर-कक्कय्या समाजाकडे होतं. कातडं चुन्यात भिजवायचं, केस खरवडायचे, मांस काढायचं. मग कडा दोरानं शिवून त्याचीच पिशवी करायची, ती टांगायची आणि आत बाभळीची कुटलेली साल नि पाणी भरायचं. पाणी कातड्यातून झिरपत खालच्या भांड्यात पडतं, ते पुन्हा वर ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे वरचा भागही मुरतो. पिशवीचं चामडं आधी स्वतःच पिशवी होऊन लटकत असे, ही गोष्ट मला या सगळ्या कथेतली सर्वांत देखणी वाटते. शिवणीची भोकं कडेला राहून जात आणि व्यापारी त्यावरून भाव पाडत, तो भाग वेगळा.

या चामड्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे विहिरीतून पाणी उपसायची मोट. मद्रासेत विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोमचे प्रयोग केले, तेही मोटेचं चामडं पाण्यात जास्त टिकावं म्हणून.

पुढचा धागा वर्ध्याचा. सप्टेंबर 1934 मध्ये गांधींनी ‘हरिजन’मध्ये गावातल्या चर्मोद्योगावर लिहिलं. सुमारे नऊ कोटी रुपयांचं कच्चं कातडं दरसाल परदेशी जातं आणि त्यातलं बरंचसं तयार वस्तू होऊन परत येतं, ही त्यांची तक्रार. त्याच वर्षी डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा संघाच्या कामाला लागले. वर्ध्याला लागूनच असलेल्या नालवाडीत, विनोबांच्या ग्रामसेवा मंडळाच्या छायेत, गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय उभारलं. ठरलं होतं की कत्तलीचं कातडं घ्यायचं नाही, आपोआप मेलेल्या जनावराचंच घ्यायचं.

याच काळात दुसरीकडे नेमकं उलट चाललं होतं. 1927 च्या महाड परिषदेपासून आंबेडकर महारांना सांगत होते की मृत मांस खाऊ नका, मेलेली ढोरं ओढू नका. एका बाजूला उच्चवर्णीय कार्यकर्ता ते काम व्रत म्हणून हाती घेत होता. दुसऱ्या बाजूला ज्यांच्या माथी ते पिढ्यान्‌पिढ्या मारलं गेलं होतं, ते सोडण्यात प्रतिष्ठा शोधत होते. नालवाडीची धडपड प्रामाणिक होती. पण हातातलं ज्ञान ज्यांचं होतं, त्यांची नावं त्या कथेत फारशी आली नाहीत, हे खटकतं.

मोट गेली ती इंजिन नि विजेच्या पंपानं. तिच्याबरोबर गावातल्या जाड चामड्याची मागणीही आटली.

आता पुन्हा हातातल्या पट्ट्याकडे. सालीचं चामडं कोरडं पडलं की तडकतं. तडा वरवरचा असेल तर ओल्या फडक्यानं पुसून, सावलीत सुकवून, मेण नि तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. उन्हात कधीही ठेवू नये. तेल जास्त झालं तर पट्टा लिबलिबीत होऊन भोकं ताणतात. तडा आरपार गेला असेल तर तेलाचा काही उपयोग नाही, पट्टाच बदलावा. तेव्हा पोळ्याच्या आधीच्या बाजारात बैलांच्या घुंगुरमाळांचे पट्टे पाहावेत. तिथेही आधी काप देऊन पाहायचा आणि रुंदी बक्कलाला बेतून घ्यायची. आरीनं भोकं पाडून मेण लावलेला दोरा दोन सुयांनी समोरासमोरून ओढावा. अशी शिवण एका जागी तुटली तरी पुढे उसवत जात नाही.