गर्भाशय ग्रीवेवरील लेसर शस्त्रक्रिया व धाराशिव जिल्हा

गर्भाशयाच्या खालच्या अरुंद भागास गर्भाशय ग्रीवा म्हणतात. तेथील कर्करोगापूर्वी बहुधा अनेक वर्षे पृष्ठस्तराच्या कोशिकांत विकृती आढळते. असे ऊतक वेळीच ओळखून काढून टाकल्यास कर्करोग टळू शकतो. म्हणून या रोगाच्या प्रतिबंधाचा इतिहास हा ओळख आणि उच्छेदन या दोन क्रियांचा इतिहास होय.

हान्स हिन्सेलमान यांनी १९२५ मध्ये जर्मनीत कॉल्पोस्कोप हे भिंगयुक्त उपकरण तयार केले. सौम्य अ‍ॅसिटिक अम्ल लावल्यावर पांढऱ्या दिसणाऱ्या विकृत ऊतकाची सीमा त्यातून ठरविता येते. बारामती येथे १९३८ मध्ये जन्मलेले व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले सी. कुमार एन. पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डाय-ऑक्साइड लेसर शोधून काढला. त्याचे १०·६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे प्रारण ऊतकातील पाणी त्वरित शोषून घेते; त्यामुळे खोलवर इजा न होता पातळ थराचे बाष्पीभवन होते. १९७० नंतरच्या दशकात हा शलाका-उपचार कॉल्पोस्कोपाच्या साहाय्याने ग्रीवेवर होऊ लागला. तथापि बाष्पीभूत ऊतक सूक्ष्मदर्शकीय परीक्षणासाठी उरत नाही आणि उपकरणही महाग असते. विद्युत् प्रवाह सोडलेल्या तारेच्या वलयाने ऊतक अखंड कापून काढण्याची पद्धत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर लेसरचा वापर मागे पडला.

ग्रामीण भागात खरी अडचण ओळखण्याची होती. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि लीआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना एका अभ्यासात समाविष्ट केले. ५२ ग्रामसमूहांची विभागणी मानवी पॅपिलोमा विषाणूची चाचणी, कोशिकापरीक्षण, अ‍ॅसिटिक अम्ल लावून पाहणी व तुलना अशा चार गटांत करण्यात आली. दोष आढळलेल्या स्त्रियांची कॉल्पोस्कोपाने तपासणी करून योग्य ते उपचार करण्यात आले.

आठ वर्षांच्या अनुसरणानंतरचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणुचाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४, तर तुलनागटात ६४ स्त्रिया दगावल्या. अन्य दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. तुलनागटातील स्त्रियांची तपासणी न झाल्याबद्दल पुढे नैतिक आक्षेप घेण्यात आले. मात्र उच्छेदनाचे साधन कितीही प्रगत असले, तरी विकृतीची ओळख गावापर्यंत पोहोचल्याखेरीज त्याचा लाभ होत नाही, हे या जिल्ह्यातील अनुभवाने दाखवून दिले.