डिजिटल सातबारा

डिजिटल सातबारा म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या महसूल विभागाकडून संकेतस्थळावर दिला जाणारा, डिजिटल स्वाक्षरी असलेला शेतजमिनीच्या अधिकार अभिलेखाचा उतारा होय. गाव नमुना ७ (अधिकार अभिलेख पत्रक) आणि गाव नमुना १२ (पिकांची नोंदवही) यांच्या एकत्रित उताऱ्यास ‘सातबारा’ म्हणतात. राज्यात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्यांचे वितरण १ मे २०१८ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते सुरू झाले. हे काम पुणे येथील जमाबंदी आयुक्त आणि संचालक भूमि अभिलेख यांच्या कार्यालयाच्या देखरेखीखाली चालते. त्याची संगणक प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने विकसित केली आहे.

पार्श्वभूमी

पीककर्ज, जमिनीची खरेदी-विक्री, वारसा, अतिवृष्टीची भरपाई, पीकविमा, वीजजोडणी, भूसंपादनाचा मोबदला, न्यायालयातील दावा यांपैकी कोणत्याही कामात शेतकऱ्याकडे प्रथम सातबारा मागितला जातो. मराठीत ‘सातबारा कोरा होणे’ हा कर्जमुक्तीचा वाक्प्रचार रूढ झाला आणि पुढे तो राजकीय घोषणाही बनला, यावरून या कागदाचे लोकजीवनातील स्थान ध्यानात येते. विधितः मात्र सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच. व्यवहारात हे ‘एवढेच’ फार मोठे ठरते, कारण चुकीची नोंद खोटी ठरवण्याचा भार ज्याचे नाव सुटले त्याच्यावरच येऊन पडतो.

संगणकीकरणापूर्वी हा उतारा तलाठी हाताने लिहून देत असे. एका तलाठ्याच्या सजेत अनेकदा एकाहून अधिक गावे असत. तलाठी मुक्कामी नसणे, तहसीलच्या बैठकीस गेलेला असणे, दप्तर दुसऱ्या गावी असणे अशा कारणांनी एका उताऱ्यासाठी शेतकऱ्यास अनेक खेपा घालाव्या लागत. उताऱ्यासाठी वरकड पैसे मागितल्याच्या तक्रारीही नित्याच्या होत्या. (तलाठी या पदाचे नाव आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे करण्यात आले असले, तरी बोलण्यात जुनेच नाव टिकून आहे.)

संगणकीकरण आणि चावडी वाचन

भूमि अभिलेखांच्या संगणकीकरणास केंद्र शासनाच्या योजनेतून १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रारंभ झाला. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमि अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला. डिजिटल इंडिया भूमि अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम हे त्याचे पुढील नाव होय. याच कार्यक्रमांतर्गत महाराष्ट्रात ‘ई-फेरफार’ प्रकल्प राबवण्यात आला. हस्तलिखित सातबाऱ्यांवरील माहिती संगणकात भरणे हा त्यातील पहिला आणि सर्वांत जिकिरीचा टप्पा होता. जुन्या नोंदींत नावांची लघुरूपे, पुसट अक्षरे, एकावर एक केलेल्या खाडाखोडी आणि एकमेकांशी न जुळणारी क्षेत्रे होती. एका गटातील सर्व खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राइतकी यावी, ही साधी अपेक्षाही अनेक ठिकाणी पूर्ण होत नव्हती. कागदावर हा विसंवाद कित्येक वर्षे कोणाच्या नजरेस आला नव्हता. संगणकाने तो तत्काळ दाखवला. शिवाय माहिती भरताना नव्या चुकांची त्यात भर पडली.

या चुका दुरुस्त करण्यासाठी ई-फेरफार प्रणालीत ‘एडिट’ आणि त्यानंतर ‘रीएडिट’ अशी विशेष सुविधा देण्यात आली. २०१७ मध्ये राज्यभर संगणकीकृत सातबाऱ्यांचे चावडी वाचन झाले. गावकऱ्यांना एकत्र जमवून प्रत्येक उतारा वाचून दाखवणे आणि आक्षेप नोंदवून घेणे, असे त्याचे स्वरूप होते. सेवा सुलभ करण्याच्या सर्व उपायांत हा उपाय दिसायला सर्वांत जुन्या वळणाचा आणि परिणामाने बहुधा सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. ज्याला संकेतस्थळ उघडता येत नाही, किंबहुना वाचताही येत नाही, त्याला आपल्या बांधाची, भावकीची आणि क्षेत्राची माहिती तोंडपाठ असते. चूक त्याच्या कानावर पडताच तो ती सांगू शकत होता. संगणकीकृत उतारा हस्तलिखिताशी पूर्ण जुळवून घेतल्यानंतर त्या त्या गावातील हस्तलिखित सातबारा बंद करण्यात आला.

उतारा मिळवण्याची पद्धत

संकेतस्थळावर उताऱ्याचे दोन प्रकार मिळतात. ‘महाभूलेख’वरील उतारा विनामूल्य पाहता येतो, मात्र तो केवळ माहितीसाठी असतो. ‘महाभूमी’च्या संकेतस्थळावरून प्रत्येकी १५ रुपये शुल्क भरून घेतलेल्या उताऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी आणि १६ अंकी पडताळणी क्रमांक असतो, हा क्रमांक टाकून बँकेस किंवा कार्यालयास उतारा खरा असल्याची खात्री करता येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार डिजिटल स्वाक्षरीस विधिमान्यता आहे. तरीही अनेक कार्यालये बराच काळ अशा उताऱ्यावर तलाठ्याची सही आणि शिक्का मागत राहिली. परिणामी ज्या खेपा वाचवण्यासाठी ही सेवा निर्माण झाली, त्या टळल्या नाहीत. डिजिटल उतारा ग्राह्य धरावा, वेगळ्या सही-शिक्क्याचा आग्रह धरू नये, असे शासनाने २०२५ च्या अखेरीस पुन्हा स्पष्ट केले.

विनामूल्य उतारा शोधताना प्रथम महसूल विभाग (कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर) आणि मग जिल्हा, तालुका, गाव निवडावे लागते. त्यानंतर सर्व्हे किंवा गट क्रमांकाने, अथवा खातेदाराच्या नावाने शोध घेता येतो. खरी अडचण येथे सुरू होते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण अधिनियमानुसार ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबवली गेली, तेथे जुने सर्व्हे क्रमांक जाऊन गट क्रमांक आले. घरातील जुन्या खरेदीखतावर सर्व्हे क्रमांक असतो आणि संकेतस्थळास हवा असतो गट क्रमांक. नावाने शोधावे, तर उताऱ्यावरील लेखन तंतोतंत जुळावे लागते. ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ ही संगणकाच्या लेखी दोन माणसे असतात आणि गावात ‘बापू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्याचे कागदोपत्री नाव कधीकधी त्याच्या नातवंडांनाही ठाऊक नसते.

उताऱ्याच्या नमुन्यातील बदल

संगणकावर आल्यानंतरही उताऱ्याचा नमुना मूळ हस्तलिखित पद्धतीचाच राहिला होता. तो वाचण्यास अवघड होता, याची दखल घेऊन २०२० मध्ये त्यात बारा बदल करण्यात आले. सुमारे पन्नास वर्षांनंतर झालेला हा फेरबदल पडद्यावरील मांडणीपेक्षा वाचकाच्या समजुतीशी अधिक निगडित होता.

जुन्या पद्धतीत रद्द झालेली नोंद कंसात दाखवली जात असे. ‘नावाला कंस होणे’ म्हणजे नाव कमी होणे, हा महसुली संकेत जाणकारांपुरताच होता. इतरांस कंसातील नाव उलट विशेष महत्त्वाचे वाटण्याचा संभव होता. नव्या नमुन्यात मयत खातेदार, फेडलेले बोजे आणि इकरार यांच्या नोंदी कंस करून वर आडव्या रेषेने खोडलेल्या दिसतात. गावाच्या नावासमोर त्याचा संकेतांक आला. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा यांची बेरीज स्वतंत्रपणे दिली जाऊ लागली. खाते क्रमांक खातेदाराच्या नावाजवळ आला आणि दोन खातेदारांच्या नावांमध्ये ठळक रेषा आली. प्रलंबित फेरफार असल्यास तो, तसेच शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक उताऱ्यावरच छापला जाऊ लागला. जमीन घेणाऱ्याच्या दृष्टीने हा शेवटचा बदल सर्वांत उपयुक्त होय: विकणाऱ्याने आधीच दुसऱ्यास खरेदीखत करून दिले असेल आणि त्याची नोंद अद्याप मंजूर व्हायची असेल, तर ते समोर दिसते. बिनशेती झालेल्या जमिनीस गाव नमुना १२ ची आवश्यकता नाही, अशी सूचनाही आता उताऱ्यावर असते.

फेरफार आणि वारस नोंद

उतारा मिळणे सोपे झाले, पण उताऱ्यातील नोंद बदलण्याची प्रक्रिया मुख्यतः जुन्या कायद्याप्रमाणेच चालते. अधिनियमाच्या कलम १४९ व १५० नुसार हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत द्यावयाची असते. तलाठी गाव नमुना ६ मध्ये फेरफार नोंदवतो, हितसंबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. दुय्यम निबंधक कार्यालयाची प्रणाली ई-फेरफारशी जोडली गेल्याने नोंदणीकृत दस्ताची माहिती तलाठ्याकडे आपोआप पोहोचते. वारस नोंद, बोजा चढवणे किंवा उतरवणे, अज्ञान पालनकर्त्याचे (‘अपाक’) नाव कमी करणे इत्यादी अनोंदणीकृत बदलांसाठी ‘ई-हक्क’ प्रणालीतून घरूनच अर्ज करता येतो. फेरफाराची नोटीस आणि सद्यःस्थिती ‘आपली चावडी’ या सदरात कोणालाही पाहता येते. पूर्वी ही नोटीस चावडीच्या भिंतीवर लागे. मुंबईत किंवा परगावी राहणाऱ्या भावास किंवा सासरी गेलेल्या बहिणीस तिचा पत्ता लागत नसे. हरकतीची पंधरा दिवसांची मुदत अशा वारसांच्या दृष्टीने निर्णायक असते. अर्थात ही नोटीस त्यांनी स्वतः होऊन पाहिली पाहिजे.

अनेक सातबाऱ्यांवर दीर्घकाळापूर्वी मरण पावलेल्या व्यक्तींची नावे तशीच राहिली होती. अशा जमिनीवर वारसांना कर्ज, अनुदान किंवा भरपाई मिळवणे कठीण जाते. यावर उपाय म्हणून बुलढाणा जिल्ह्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेण्यात आली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती राज्यभर लागू झाली. मयत खातेदारांच्या याद्या करणे, वारसांकडून कागदपत्रे घेणे आणि त्यांची नावे लावणे हे काम तलाठ्याने पुढाकार घेऊन करावयाचे होते. पुढील टप्प्यात फिटलेले तगाई कर्ज, बंडिंगचे बोजे, ए.कु.मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) यांसारख्या कालबाह्य नोंदी कमी करण्याचे काम हाती घेण्यात आले. ए.कु.मॅ. म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागल्याने धाकट्या भावंडांचे हक्क कागदावरून दिसेनासे झाल्याची उदाहरणे ग्रामीण भागात सर्वपरिचित आहेत.

ई-पीक पाहणी

गाव नमुना १२ मधील पिकांची नोंद पूर्वी तलाठी करीत असे आणि ती प्रत्यक्ष शेतात न जाता केली जाते, असा आक्षेप होता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार झालेल्या भ्रमणध्वनी ॲपद्वारे शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यावे आणि पीक, क्षेत्र व सिंचनाचे साधन नोंदवावे, अशी ही पद्धत आहे. पड जमीन आणि बांधावरची झाडेही त्यात नोंदवता येतात. तलाठ्याने सुमारे दहा टक्के नोंदींची पडताळणी करावयाची असते.

नोंदीचा अधिकार शेतकऱ्याकडे आला, त्याबरोबर नोंदीची जबाबदारीही आली. स्मार्टफोन नसलेले, डोंगराळ भागात नेटवर्क न मिळणारे, वृद्ध किंवा शहरात राहणारे खातेदार मुदतीत नोंद करू शकत नाहीत. शेवटच्या दिवसांत ॲप मंदावल्याच्या तक्रारी दर हंगामात येतात. याचे परिणाम थेट पैशाशी निगडित आहेत. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना जाहीर झालेले अर्थसाहाय्य आरंभी ई-पीक पाहणीच्या नोंदीशी जोडलेले होते. पीक घेऊनही असंख्य शेतकरी यादीबाहेर राहिल्याने ही अट २०२४ मध्ये शिथिल करून सातबाऱ्यावरील नोंद ग्राह्य धरण्यात आली. त्यानंतर शेतकऱ्यांकडून राहिलेल्या नोंदी पूर्ण करण्यासाठी गावोगावी सहायक नेमण्यात आले.

मर्यादा

ज्यांना संकेतस्थळ वापरता येत नाही ते आपले सरकार सेवा केंद्र, सेतू केंद्र किंवा गावातील संगणक दुकानाचा आधार घेतात. उताऱ्याचे शासकीय शुल्क १५ रुपये असले तरी दुकानदार त्याहून अधिक घेतो. तलाठ्याकडील खेपेच्या तुलनेत लोकांना ते परवडते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत न मिळाल्यास अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

नावातील तफावत ही अडचण पूर्वी कार्यालयात तोंडी निभावून जात असे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी आधार आणि जमिनीची नोंद जोडणारा शेतकरी ओळख क्रमांक अनिवार्य झाला. त्यामुळे सातबारा आणि आधार यांवरील नावे जुळणे पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे बनले आहे. लेखनप्रमादाची दुरुस्ती कलम १५५ खाली तहसीलदाराच्या आदेशाने होते.

इतर राज्यांत

गोव्यात सातबाऱ्याशी समकक्ष दस्तऐवज ‘नमुना १ व १४’ या नावाने ओळखला जातो. कर्नाटकात ‘भूमी’ प्रकल्पाखाली ‘पहाणी’ हा उतारा महाराष्ट्राच्या बराच आधी संगणकावर आला. तेथील बेळगाव परिसरातील मराठी भाषक शेतकऱ्यांना तो कन्नडमध्ये मिळतो; शासकीय कागदपत्रे मराठीतही मिळावीत, ही तेथील मराठी संघटनांची जुनी मागणी आहे.