पेशींच्या साखळीची हकीकत

माणसाचे शरीर पेशींचे बनलेले आहे हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु ह्या असंख्य पेशी एकमेकींना धरून कशा राहतात, वाळूच्या ढिगासारख्या विसकटून का जात नाहीत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांलाही तो फार उशिरा सुचला. त्याच्या उत्तराचा इतिहास मोठा वळणावळणाचा असून त्याची वाट कर्करोगाच्या दाराशी जाते, म्हणून तो आज येथे मांडीत आहोत.

१९०७ मध्ये अमेरिकेतील प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन ह्यांनी समुद्रातील जिवंत स्पंज बारीक विणीच्या कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या होऊन पाण्यात पडल्या. आणि पाहावे तो त्या आपण होऊन पुन्हा जमल्या व त्यांचा नवा स्पंज झाला! म्हणजे चिकटून राहण्याचा गुण पेशींच्या अंगचाच. तो कोणत्या द्रव्यामुळे येतो हे कळावयास आणखी सत्तर वर्षे लागली, आणि कळले तेही एका फसलेल्या प्रयोगामुळे. क्योटोचे मासातोशी ताकेइची काही काळ बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत कामाला गेले होते. ट्रिप्सिन नावाच्या पाचक द्रव्याने सुट्या केलेल्या पेशी क्योटोत भराभर पुन्हा चिकटत. बाल्टिमोरमध्ये त्या काही चिकटेनात. शोध घेता आढळले की तेथील द्रावात कॅल्शियम काढून घेणारे एक रसायन मिसळलेले होते. दुसरा एखादा द्राव बदलून मोकळा झाला असता. ताकेइचींनी मात्र ताडले की पेशींना सांधणारे काही द्रव्य कॅल्शियमच्या आधाराने टिकून राहते. १९७७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले, आणि १९८४ मध्ये त्या प्रथिनाला कॅडहेरिन हे नाव मिळाले.

कॅडहेरिन पेशीच्या आवरणातून आरपार गेलेले असते. बाहेरच्या टोकाने ते शेजारच्या पेशीतील कॅडहेरिनला धरते. पण त्याचे आतले शेपूट छाटले, तर बाहेरचा हात शाबूत असूनही पकड सुटते, असे १९८८ मध्ये दिसून आले. मग आत त्याला धरणारे कोण? जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे रोल्फ केमलर व त्यांचे सहकारी हे प्रथिन वेगळे काढीत, तेव्हा त्याला बिलगून आणखी तीन प्रथिने हटकून बाहेर येत. १९८९ मध्ये त्यांचे बारसे झाले: आल्फा, बीटा आणि गॅमा कॅटेनिन. लॅटिनमध्ये ‘कातेना’ म्हणजे साखळी. कॅडहेरिनला पेशीच्या आतल्या सांगाड्याशी जोडणाऱ्या ह्या कड्या, अशी कल्पना. ती खोटी नव्हती. जपानमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या काही पेशी कॅडहेरिन असूनही सुट्या सुट्या राहत. त्यांत आल्फा-कॅटेनिन नव्हते. १९९२ मध्ये त्याचे जनुक आत घालताच त्या एकमेकींना बिलगल्या.

पण बीटा-कॅटेनिनला आणखी एक धंदा होता, आणि तो भलत्याच लोकांना ठाऊक होता! फळांवरच्या माशीचा अभ्यास करणाऱ्यांपाशी ‘आर्माडिलो’ नावाचे एक जनुक होते. ते बिघडले की अळीच्या अंगावरील खंडांची मांडणी चुकते आणि ती त्या कवचधारी अमेरिकन प्राण्यासारखी दिसते, म्हणून हे नाव. (माशीवाल्यांच्या नावे ठेवण्याच्या हौसेवर एक स्वतंत्र व्याख्यान होईल.) त्याच्याच गोतातले दुसरे जनुक ‘विंगलेस’. ही पंख नसलेली माशी नवी दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतली, आर. पी. शर्मा व व्ही. एल. चोप्रा ह्यांचा तिच्यावरील निबंध १९७६ चा आहे. विंगलेस हा पेशीने शेजारणीला धाडलेला निरोप, आणि आर्माडिलो तो आत पोचविणारा जासूद. १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी बेडकाच्या बीटा-कॅटेनिनची घडण तपासली, तर ती आर्माडिलोशी जुळली. साखळीची कडी आणि जासूद एकच निघाले!

१९९३ मध्ये दोन गटांना आढळले की हेच प्रथिन एपीसी नावाच्या तिसऱ्या प्रथिनाशीही जोडले जाते. काही घराण्यांत तरुण वयातच मोठ्या आतड्यात शेकडो गाठी उठतात व पुढे त्यांतून कर्करोग होतो. एपीसीचे जनुक त्या घराण्यांतच १९९१ मध्ये सापडले होते. आता कोडे उलगडले. साखळीत न गुंतलेले बीटा-कॅटेनिन एपीसीच्या साहाय्याने पेशी सतत नष्ट करीत असते. निरोप आला म्हणजे तेवढ्यापुरते हे काम थांबते, आणि ते केंद्रकात जाऊन वाढीची जनुके जागी करते. एपीसी बिघडले की निरोप आलेला नसतानाही जासूद वर्दी देतच राहतो, आणि पेशी वाढत सुटतात. आतड्याच्या बहुसंख्य कर्करोगांत, घराण्यात दोष नसतानाही, एपीसी असेच बिघडलेले आढळते.

मग ह्या जासूदालाच का अडवू नये? प्रश्न रास्त आहे. पण निरोगी आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होते, ते ह्याच वर्दीवर. १९९८ मध्ये केंद्रकातला त्याचा जोडीदार काढून घेतलेले उंदीर जन्मास घातले गेले. त्यांच्या लहान आतड्यात वाढणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत, आणि ते जन्मानंतर लवकरच मेले. त्यामुळे अशा घराण्यांतील माणसाचे मोठे आतडे कर्करोग होण्यापूर्वीच काढून टाकणे हा उपाय अजूनही चालू आहे. फरक इतकाच की, घराण्यातला दोष एकदा ओळखला गेला म्हणजे रक्त तपासून कोणत्या मुलाला तो उतरला आहे हे आधी सांगता येते, आणि ज्या भावंडाला तो उतरलेला नाही त्याची वर्षानुवर्षांची तपासणी टळते.