खरेदीचा हंगाम आणि दानाचा हंगाम : अमेरिकेतील नाताळपूर्व दिवसांचा एक ऐतिहासिक विचार

अमेरिकेत थँक्सगिव्हिंगपासून नाताळपर्यंतचे दिवस हे वर्षातील सर्वांत मोठ्या खरेदीचे दिवस मानले जातात. धर्मादाय संस्थांच्या आवाहनांचाही काळ हाच. सामान्यतः या दोन प्रवृत्ती परस्परविरोधी समजल्या जातात. एक उपभोगाची, दुसरी त्यागाची. ऐतिहासिक घटनाक्रम पाहता मात्र हा विरोध वरवरचा ठरतो. दानाचे स्थळ आणि दानाचा काळ या दोन्ही गोष्टी बहुतांशी बाजारपेठेनेच ठरविल्या, असे प्रतिपादन प्रस्तुत निबंधात केले आहे.

डिसेंबर १८९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मी) कॅप्टन जोसेफ मॅकफी यांनी एक हजार गरिबांना नाताळचे जेवण देण्याचे ठरविले. पैसा जवळ नव्हता. खलाशी असताना इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या धक्क्यावर त्यांनी लोक नाणी टाकत असलेले एक मोठे पातेले पाहिले होते. त्याच धर्तीवर त्यांनी मार्केट स्ट्रीटच्या टोकाशी, ओकलंडच्या बोटी लागत त्या ठिकाणी, तिवईला भांडे टांगले. जागेची ही निवड लक्षणीय आहे. भांडे चर्चच्या दारात नव्हते, तर वर्दळीच्या वाटेवर होते. घाईत जाणाऱ्या माणसाच्या खिशातील सुटी नाणी हाच या दानपद्धतीचा पाया होता. काही वर्षांतच ही प्रथा पूर्व किनाऱ्यावरील शहरांत पोहोचली.

१८९६ ते १९०४ या काळात अमेरिकेतील मुक्तिफौजेचे नेतृत्व फ्रेडरिक बूथ-टकर यांच्याकडे होते. सनदी नोकरीचा राजीनामा देऊन १८८२ साली मुंबईत मुक्तिफौजेचे कार्य सुरू करणारे आणि तेथील मिरवणुकांमुळे पोलिसांचा रोष ओढवून घेणारे टकर ते हेच. त्यांच्या कारकिर्दीत, १८९९ च्या नाताळात, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो गरिबांना एकाच वेळी भोजन देण्यात आले. शहरातील संपन्न मंडळी वरच्या आसनांवर बसून हे भोजन पाहत होती. भुकेल्याला अन्न मिळाले यात शंका नाही. परंतु त्याचे जेवणे हा इतरांच्या पाहण्याचा विषय झाला, हेही तितकेच खरे. सजवलेल्या दुकानांच्या काचांतून वस्तू न्याहाळणाऱ्या शहराला ही नजर अपरिचित नव्हती.

त्याच वर्षी स्थापन झालेल्या नॅशनल कन्झ्युमर्स लीगच्या सरचिटणीस फ्लोरेन्स केली यांनी या हंगामाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. नाताळपूर्व दिवसांत दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी राहत. विक्रेत्या मुली आणि सामान पोहोचवणारी लहान मुले त्यात भरडली जात. ग्राहकांनी खरेदी लवकर उरकावी, असा लीगचा आग्रह होता. दान न मागता केवळ वेळ बदलण्याची विनंती करणारी ही करुणा अधिक मूलगामी म्हणावी लागेल. पुढे मात्र ‘खरेदी लवकर करा’ हीच घोषणा व्यापाऱ्यांनी उचलली, आणि श्रमिकांच्या विश्रांतीसाठी निघालेल्या मोहिमेतून विक्रीचा हंगाम लांबला.

हंगाम लांबविण्याच्या या इच्छेला राजसत्तेचाही हातभार लागला. लिंकन यांच्या १८६३ च्या घोषणेपासून थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी पाळला जात असे, आणि त्यापूर्वी नाताळची जाहिरात करणे अप्रशस्त समजले जाई. नोव्हेंबरात पाच गुरुवार आले की खरेदीचे दिवस घटत. १९३३ मध्ये व्यापाऱ्यांची मागणी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नाकारली. १९३९ मध्ये मात्र मान्य करून त्यांनी हा दिवस ३० ऐवजी २३ नोव्हेंबरला आणला. राज्यांमध्ये फूट पडली; टेक्सास आणि कोलोरॅडो यांनी दोन्ही दिवस पाळले. अखेर डिसेंबर १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार निश्चित झाला. ईश्वराचे आभार मानण्याचा दिवस विक्रीच्या दिवसांचा हिशेब करून ठरावा, यावर त्या काळी पुष्कळ उपहास झाला. पण तारीख टिकली.

करविषयक कायद्याचाही येथे विचार करावा लागतो. १९१७ पासून अमेरिकेत देणगीवर आयकरातून वजावट मिळू लागली. कराचे वर्ष ३१ डिसेंबरला संपत असल्याने देणगीचा ओघ साहजिकच वर्षअखेरीस वळला. भारतात आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, आणि देणगीच्या पावत्यांची लगबग दिवाळीत नव्हे, मार्चमध्ये असते, ही तुलना बोलकी आहे.

दुकानाच्या दारातील दान दुकानदाराच्या मर्जीवर अवलंबून असते. २००४ मध्ये टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने मुक्तिफौजेच्या भांड्यांना आपल्या दारात दिलेली सवलत काढून घेतली, तेव्हा हे उघड झाले. पुढील वर्षी ऑनलाइन खरेदीसाठी ‘सायबर मंडे’ हे नाव रूढ करण्यात आले. २०१२ साली न्यूयॉर्कमधील ‘नाइन्टीसेकंड स्ट्रीट वाय’ ही संस्था आणि युनायटेड नेशन्स फाउंडेशन यांनी त्याला जोडूनच ‘गिव्हिंग ट्यूसडे’ सुरू केला. २०२४ मध्ये या एका दिवशी अमेरिकेत सुमारे ३.६ अब्ज डॉलर जमले, असा त्याच्या संयोजकांचा अंदाज आहे. त्यातील किती दान नवे आणि किती केवळ डिसेंबरअखेरचे अलीकडे सरकलेले, हा प्रश्न या आकड्यासोबत विचारायलाच हवा. पहिला गिव्हिंग ट्यूसडे २७ नोव्हेंबरला आला, २०२४ चा ३ डिसेंबरला. दोन्ही तारखा १९४१ च्या त्या कायद्यातील चौथ्या गुरुवारापासूनच मोजलेल्या आहेत.