घडी घालू नका, टोचू नका

प्रोग्रॅमची ओळ 80 अक्षरांच्या आत ठेवा, असं अजूनही कित्येक टीममध्ये सांगतात. हे 80 आले कुठून? आयबीएमच्या 1928 सालच्या पंचकार्डावरून. त्यावर 80 उभे रकाने असायचे. पण मंडळी, याच कार्डावर अमेरिकेतल्या पोरांनी कॉलेजचे वर्गही मिळवलेत (आणि गमावलेत!). आज त्याबद्दल.

तिकडे कोणता विषय, कुणाकडे, किती वाजता, हे सत्राआधी विद्यार्थी स्वतः निवडतात. 1950-60च्या दशकांत बऱ्याच विद्यापीठांत हा कार्यक्रम व्यायामशाळेच्या मोठ्या हॉलमध्ये चालायचा. प्रत्येक विभागाचं टेबल, टेबलावर कार्डांचे गठ्ठे. वर्गात 30 जागा असतील तर कार्डं मोजून 30. रांगेत नंबर लागला की कार्ड घ्यायचं, ती तुमची जागा. गठ्ठा संपला, वर्ग भरला. एका जागेवर दोघं यायचा प्रश्नच नाही. आम्ही डेटाबेसमध्ये ज्याला लॉकिंग म्हणतो ते इथे साध्या कार्डावर! मला तरी हे डिझाइन भारी वाटतं.

रांगेतल्या पोराला ते वाटत नसणार. गणिताचं कार्ड घेऊन फिजिक्सच्या टेबलाशी पोचावं, तर सकाळचा वर्ग संपलेला. दुपारचा घ्यावा तर तो गणिताच्याच वेळेला. म्हणजे गणिताचं कार्ड परत करा आणि पुन्हा रांगेत. शेवटी सगळी कार्डं यंत्रात जाणार, म्हणून अशा कार्डांवर सूचना छापलेली असे: घडी घालू नका, टोचू नका, खराब करू नका. (टोचणं म्हणजे किराणावाला बिलं तारेत ओवतो, तसं.)

1964 मध्ये बर्कलीला भडका उडाला. भांडण नोंदणीचं नव्हतंच. कॅम्पसच्या दारात राजकीय पत्रकं वाटायला आणि वर्गणी गोळा करायला विद्यापीठाने बंदी घातली होती. पण 27 हजारांच्या गर्दीत आपण म्हणजे नुसता एक नंबर, ही चीड दाखवायला पोरांना हे कार्डच सापडलं. माझी घडी घालू नका, मला टोचू नका, अशा अर्थाच्या पाट्या गळ्यात आल्या. कुणीतरी तर कार्डाला अशी भोकं पाडली की 'स्ट्राइक' हा शब्द वाचता यावा. 2 डिसेंबरला मारिओ सॅव्हिओ नावाच्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने स्प्राउल हॉलच्या पायऱ्यांवरून, हे यंत्र आपल्या अंगाने थांबवू या, असं भाषण केलं. पोरं इमारतीत घुसून बसली आणि सुमारे 800 जणांना अटक झाली. 8 डिसेंबरला प्राध्यापकांच्या सभेने 824 विरुद्ध 115 मतांनी विद्यार्थ्यांची बाजू घेतली.

पुढे कार्डं गेली, फोन आला, मग वेब. जागा मात्र तेवढ्याच.

आमच्या कॉलेजात इलेक्टिव्हची नोंदणी पोर्टलवर होती. दहाला सुरू, दहा-तीनला पान कोरं, साडेदहाला हव्या विषयापुढे 'फुल'. एकूण जागा किती, कुणाला मिळाल्या, काही कळायला मार्ग नाही. हॉलमधल्या पोराला निदान रिकामं टेबल दिसायचं आणि टेबलामागच्या माणसाशी हुज्जत घालता यायची. आम्हीही दहा-बारा जण तावातावाने ऑफिसला गेलो. खिडकी बंद. काचेवर आतून कागद चिकटवलेला: 'तक्रारी फक्त पोर्टलवर नोंदवाव्यात.'